शीआन शहरासाठी एकच दिवस : काय पाहावं, काय सोडावं?

पाऊलवाट :

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी रात्री बीजिंगहून रेल्वेने शीआनला पोहोचतोय आणि बुधवारी सकाळी निघतोय. आम्ही चौघं आहोत : आम्ही दोघं, आई (६४) आणि बाबा (६८). आईला गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर ती दोन-तीन तास आरामात चालते, पण जिने झेपत नाहीत. आई-बाबा शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत.

सध्याचा बेत असा आहे : सोमवारी शहर, मंगळवारी मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी). शहराच्या दिवसाच्या यादीत शान्शी इतिहास संग्रहालय, मोठा हंस पॅगोडा, छोटा हंस पॅगोडा, शिलालेखांचं संग्रहालय, मोठी मशीद, घंटा मनोरा, नगारा मनोरा आणि तटबंदीवर सायकल एवढं आहे. हे एका दिवसात बसणार नाही हे दिसतंयच. कशावर फुली मारावी आणि उरलेलं कोणत्या क्रमाने पाहावं? बाबांना इतिहासात खूप रस आहे, त्यामुळे चार ठिकाणी धावतपळत जाण्यापेक्षा दोन ठिकाणं नीट पाहिलेली चालतील.

---

शीआन_वारी :

आधी वार बदला. शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं. सैनिकांचं संग्रहालय वर्षभर रोज उघडं असतं, म्हणून सोमवारी सैनिक आणि मंगळवारी शहर करा. मंगळवारी छोटा हंस पॅगोडा आणि त्याच बागेतलं शीआन संग्रहालय बंद असतं, त्यामुळे यादीतलं एक नाव आपोआप गळतं. सगळ्यात कमी नुकसान तिथेच आहे.

आता संग्रहालयाची नोंदणी. प्रवेश मोफत आहे, आणि म्हणूनच मिळणं कठीण आहे. आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि दारात रांग लावून काही उपयोग नसतो. वेळा पाच दिवस आधी, चिनी वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता खुल्या होतात. तेव्हा तुम्ही भारतात असाल तर दुपारचे २:३०. सकाळच्या वेळा आधी संपतात. नोंदणी वीचॅट या चिनी अॅपमधल्या संग्रहालयाच्या अधिकृत मिनी प्रोग्रॅमवर (अॅपच्या आतल्या छोट्या अॅपवर) होते. इथे लोक तीन ठिकाणी अडकतात :

एक, वीचॅटचं खातं शेवटच्या क्षणी उघडतात. नवीन खात्याला कधीकधी जुन्या वापरकर्त्याकडून पडताळणी मागितली जाते आणि त्यातच दोन दिवस जातात. खातं निदान तीन आठवडे आधी उघडा आणि चौघांची नावं व पासपोर्ट क्रमांक तिथे आधीच भरून ठेवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच हवं. प्रवेशाला मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही.

दोन, चुकीची शाखा निवडतात. २०२४ मध्ये याच संग्रहालयाची छिन-हान शाखा उघडली. ती शहराबाहेर, वेई नदीच्या उत्तरेला आहे. यादीत दोन्ही नावं जवळपास सारखी दिसतात. तुम्हाला शिआवझाय भागातली मूळ इमारत हवी आहे, १९९१ मध्ये उघडलेली.

तीन, साध्या नोंदणीत सगळं येतं असं समजतात. थांग राजवटीच्या काळातला (इ.स. ६१८ ते ९०७) खजिना आणि थडग्यांमधली भित्तिचित्रं यांच्या दालनांना वेगळं, पैसे भरून घ्यायचं तिकीट आहे. थांग खजिन्याचं दालन सोडू नका. १९७० मध्ये हजियात्सुन या जागी खोदकाम चालू असताना मातीचे दोन मोठे रांजण सापडले. त्यांत हजारावर वस्तू होत्या, पैकी २७० सोन्या-चांदीच्या. बैलासारख्या प्राण्याच्या मुखाचा अकीक दगडाचा प्याला आणि चांदीचा एक चंबू, ज्याच्यावर तोंडात प्याला धरून गुडघे टेकलेला घोडा आहे, या दोन वस्तू त्यातल्याच. सम्राट श्वानझोंगच्या वाढदिवसाला खरोखरच शिकवलेले घोडे नाचायचे, ते घोडे कसे दिसत असतील हे त्या चंबूवरून कळतं.

आता क्रम. शीआनचा नकाशा बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की दिवस आपोआप बसतो : इथे एकावर एक दोन शहरं आहेत. तुम्ही जी तटबंदी बघणार आहात ती मिंग काळातली, १३७० ते १३७८ मध्ये बांधलेली. तिच्या आतलं क्षेत्र साधारण ११-१२ चौरस किलोमीटर. थांग काळातलं छांगआन, म्हणजे तेव्हाचं शीआन, मात्र जवळपास ८४ चौरस किलोमीटर होतं. मिंग शहर म्हणजे त्या जुन्या राजधानीचा मधला तुकडा. म्हणून मोठा हंस पॅगोडा आज तटबंदीच्या बाहेर, दक्षिणेला चारेक किलोमीटरवर दिसतो, पण बांधला तेव्हा तो शहराच्या आतच होता.

तेव्हा सकाळ दक्षिणेकडच्या थांग शहराला द्या आणि दुपारनंतर तटबंदीच्या आत या. उलट केलंत तर मेट्रोने दोनदा ये-जा होते आणि संग्रहालयात माणूस दमून पोहोचतो.

सकाळी पहिली वेळ मिळाली तर संग्रहालय, साधारण अडीच तास. दालनं कालक्रमाने आहेत, तरी गर्दी पहिल्या दालनात तुंबते. थांगचं दालन आधी करून मागे आलात तरी बिघडत नाही. तिथून मोठा हंस पॅगोडा एक किलोमीटरभर, सपाट रस्ता. तिथे एक तास. मग मेट्रो : दायानथा स्थानकातून ३ क्रमांकाच्या मार्गाने एकच स्थानक, शिआवझाय. तिथे मार्ग बदलून २ क्रमांकाने उत्तरेकडे. तियुछांग, नानशावमन, योंगनिंगमन आणि मग झोंगलोउ, म्हणजे घंटा मनोरा. जेवण तिथे. अडीचच्या सुमाराला मशीद, साडेतीनला बाहेर. एक स्थानक मागे योंगनिंगमनला येऊन सव्वाचारपर्यंत दक्षिण वेशीतून तटबंदीवर. त्या दिवसांत सूर्य ५:४० च्या सुमाराला मावळतो. म्हणजे ऊन, संधिप्रकाश आणि दिवे लागलेली वेस, तिन्ही बघून होतात. तटबंदीचं तिकीट ५४ युआन.

घंटा मनोरा आणि नगारा मनोरा बाहेरूनच पाहा. दोन्हींना वर जायला जिने आहेत आणि खरी शोभा अंधार पडल्यावर खालून दिसते. घंटा मनोरा १३८४ चा आहे, पण आताच्या जागी नव्हता. शहराचा मध्य पूर्वेकडे सरकला तसा १५८२ मध्ये तो उचलून सुमारे एक किलोमीटर पूर्वेला आणला. चारी बाजूंनी रस्ता असलेल्या चौकात तो उभा आहे. रस्ता वरून ओलांडता येत नाही, भुयारी मार्गानेच जावं लागतं.

सोमवारच्या सैनिकांबद्दल एकच : ठिकाणाचं पूर्ण नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये जपून ठेवा, ‘सम्राट छिन शिहुआंग समाधी-स्थळ संग्रहालय’. शहरापासून ते जवळपास ४० किलोमीटर पूर्वेला आहे. त्या रस्त्यावर नकली पुतळे उभे केलेली दुसरी ठिकाणंही आहेत आणि काही टॅक्सीवाले तिथेच नेऊन सोडतात. ते आणि शहर एका दिवसात कोंबायचा विचार मनात आला तर सोडून द्या.

---

लिपीवेडा :

वरचा क्रम चांगला आहे, पण बाबांना इतिहासात रस असेल तर शिलालेखांच्या संग्रहालयावर, बेईलिनवर, इतक्या सहज फुली मारू नये. नावाचा अर्थ शिळांचं वन. संग्रहालयाची वेळ मिळाली नाही तर सकाळ पूर्ण इथे घालवा. मिळाली तरी मशिदीऐवजी याचा विचार करा. आईंसाठीही सोयीचं आहे : सगळी दालनं जमिनीलगत, जिने जवळपास नाहीत, बसायला झाडाखाली बाकं.

१०८७ मध्ये हे सुरू झालं ते एका मोठ्या दगडी ग्रंथालयाला आसरा द्यायला. ८३७ मध्ये थांग दरबाराने बारा अभिजात ग्रंथ दगडावर कोरून घेतले : ११४ शिळा, दोन्ही बाजूंनी मजकूर, सुमारे साडेसहा लाख अक्षरं. कारण अगदी व्यवहारी होतं. परीक्षेला बसणारे विद्यार्थी हाताने नकला करायचे आणि प्रत्येक नकलेत चुका वाढत जायच्या. राजधानीत एक प्रमाण प्रत दगडात उभी केली की कुणीही येऊन आपली प्रत ताडून बघावी. पहिल्या दालनात हे सगळं भिंतीसारखं उभं आहे. वाचता आलं नाही तरी शिळांचे वरचे-खालचे सांधे बघा. मजकूर आडव्या पट्ट्यांमध्ये विभागलाय, एका शिळेवर अशा आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टी उजवीकडून डावीकडे वाचत संपवायची आणि मग खालच्या पट्टीवर यायचं, म्हणजे कागदाच्या गुंडाळीसारखीच रचना.

पहिल्या दालनाआधी अंगणात, छत्रीखाली उभी असलेली शिळा ७४५ ची. मातृपितृभक्तीचा ग्रंथ तिच्यावर सम्राट श्वानझोंगच्या हस्ताक्षरात कोरलाय.

दुसऱ्या दालनात एकच शिळा नेमकी शोधा. ७८१ ची, जवळपास २.८ मीटर उंच, डोक्यावर छोटा क्रूस. पूर्वेकडच्या सीरियाई चर्चचे धर्मप्रचारक ६३५ मध्ये छांगआनला आले त्याची हकिकत तिच्यावर चिनीत आहे. खालच्या भागात आणि कडांना सीरियाई लिपीत नावं आहेत. शिळेच्या बाजूला जाऊन बघितल्याशिवाय कडांवरची नावं दिसत नाहीत, आणि बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात. १९०७ मध्ये एका डॅनिश गृहस्थाने ती देशाबाहेर न्यायचा घाट घातला होता. त्याला शेवटी प्रतिकृतीवर समाधान मानावं लागलं आणि मूळ शिळा त्याच वर्षी इथे आणून ठेवली.

थांग सम्राट थायझोंगच्या सहा घोड्यांचे कोरीव दगडही इथेच आहेत. मूळ चार इथे, उरलेल्या दोनांच्या जागी प्रतिकृती, कारण ते दोन अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. ७११ मध्ये ओतलेली जिंगयुन घंटा इथल्या अंगणात आहे. घंटा मनोऱ्यावर दिसते ती तिची नक्कल. बाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे संध्याकाळी मनोऱ्याकडे बघताना जोडणी लागते.

दालनांमध्ये ठसे घेणारे कारागीर काम करत असतील तर थांबून बघा. पातळ कागद ओला करून शिळेवर चिकटवतात, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात. कागद अर्धवट वाळला की कापडी बोळ्याने शाई टिपत जातात. उंच भाग काळा होतो, खोलगट अक्षर पांढरं राहतं. कागद फार ओला असला तर शाई पसरते, फार वाळला तर कागद सुटतो. सगळं कसब ती वेळ ओळखण्यात आहे. दुकानात ठसे विकायला असतात, पण बरेचसे मूळ शिळेवरून घेतलेले नसतात, प्रतिकृतीवरून घेतलेले असतात. विचारून घ्या.

बाहेर पडून तटबंदीच्या आतल्या बाजूने पश्चिमेकडे चालत निघालात की शूयुआनमन गल्ली लागते : ब्रश, शाई, कागद, दगडी शिक्के. ती थेट दक्षिण वेशीपाशी निघते. म्हणजे बेईलिन आणि तटबंदी एका फेरीत होतात, मेट्रोची गरजच नाही. शिक्क्यावर नाव कोरून घ्यायचं असेल तर नावाच्या उच्चाराला चिनी अक्षरं निवडावी लागतात. तीन-चार अक्षरांपर्यंत आटपलं की शिक्का देखणा होतो, पूर्ण नाव-आडनाव घातलं की गिचमीड होते.

---

पाऊलवाट :

वार बदलले, दोघांचेही मनापासून आभार. बेईलिनबद्दल वाचून बाबांनी निर्णय देऊन टाकला : मशीद वगळून बेईलिन. आता प्रश्न उरले ते आईसाठी तटबंदी, आणि दोघांसाठी जेवण. शिवाय पैसे कसे द्यायचे? रोख चालते का?

---

शीआन_वारी :

तटबंदी बारा मीटर उंच आहे, म्हणजे चढताना जवळपास चार मजल्यांचा जिना. वर एकदा पोहोचलं की त्रास नाही. माथा १२ ते १४ मीटर रुंद आहे, रस्त्यासारखा. आईंना एकदाच, सावकाश, मधे थांबत चढवा आणि त्याच वेशीने उतरवा. दुसऱ्या वेशीला उतरायच्या नादात अंतर वाढतं. वर पैसे देऊन बसायच्या बॅटरीवरच्या गाड्या असतात. आई-बाबा त्यात बसू शकतात आणि तुम्ही दोघं सायकल घेऊ शकता.

पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर. अंतर जास्त नाही, पण विटांच्या फरशीमुळे हँडल सतत थडथडतं आणि तासाभरात मनगटं दुखायला लागतात. न थांबता दीड तास, थांबत गेलात तर दोन. सायकलींची वेळ तटबंदीच्या वेळेआधी संपते, म्हणून सव्वाचारला वर जाऊन पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. दक्षिण वेशीपासून पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या. अनामत रक्कम घेतात, ती परत मिळाल्याची खात्री सायकल सोडतानाच करून घ्या.

बाबांना एक गोष्ट दाखवा : तटाबाहेर पुढे आलेले चौकोनी बुरूज. असे ९८ आहेत, एकमेकांपासून सुमारे १२० मीटरवर. बाणाचा परिणामकारक टप्पा ६० मीटर धरला तर दोन शेजारच्या बुरुजांवरून मारलेले बाण बरोब्बर मधे भेटतात. तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूला लपायला कोपरा उरत नाही. आणि वेशीच्या पुढचं ते बंदिस्त अंगण नुसतं स्वागतासाठी नाही. बाहेरचा दरवाजा फोडून आत घुसलेला शत्रू चारी बाजूंनी माऱ्यात सापडावा अशी ती रचना आहे. बाहेरचं विटांचं आवरण मूळचं नाही. तट दाबून बसवलेल्या मातीचा होता, विटा १५६८ मध्ये चढवल्या.

पैशांचं. रोख नाकारता येत नाही, पण छोट्या दुकानांत सुटे नसतात आणि बराच वेळ जातो. अलिपे आणि वीचॅट पे या फोनवरून पैसे देण्याच्या दोन्ही चिनी अॅप्सना व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. रुपे जोडता येत नाही. एका वेळचा खर्च २०० युआनच्या वर गेला तर ३ टक्के शुल्क लागतं, त्याखाली लागत नाही. म्हणून चौघांची तिकिटं एकदम काढण्याऐवजी दोन-दोन काढली तर ते वाचतं. भारतात असतानाच कार्ड जोडा, कारण बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. शिवाय बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेले नसतात, आणि पहिलाच व्यवहार फसतो तो बहुधा त्यामुळेच. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन फोनमध्ये ठेवा आणि चारेकशे युआन रोख जवळ असू द्या.

मेट्रोचं भाडं २ युआनपासून सुरू होतं. अलिपेमधून शीआनचा मेट्रो कोड काढता येतो, पण प्रत्येक माणसाला स्वतःचा फोन लागतो. आई-बाबांसाठी यंत्रातून एकेरी तिकीट सोपं. प्रत्येक स्थानकावर सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. पाण्याची बाटली तपासायला मागितली तर एक घोट पिऊन दाखवायचा असतो.

नकाशा गूगलचा वापरू नका. चीनमध्ये नकाशाची निर्देशांक पद्धत वेगळी आहे, त्यामुळे उपग्रहावरची तुमची जागा आणि गूगलचा रस्ता यांच्यात शेकडो मीटरचा फरक पडतो. आमाप (Amap) हे चिनी नकाशाचं अॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवलं तर व्हॉट्सअॅप आणि जीमेल चालतात. हॉटेलच्या वायफायवर बंद पडतात.

बाबांचा पासपोर्ट प्रत्येक तिकीटखिडकीवर पुढे करा. ६५ च्या वरच्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि टिश्यूचं पाकीट प्रत्येकाच्या खिशात हवं. सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आणि मोफत आहेत, पण कागद असेलच असं नाही.

---

कढीपत्ता :

जेवणाचं मी सांगतो. शीआनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कारण हा गव्हाचा प्रदेश आहे. फसगत होते ती एकाच जागी : रस्सा. ‘मांस नको’ म्हटलं की स्वयंपाकी मांसाचे तुकडे काढतो, हाडांचं पाणी मात्र तेच राहतं. त्याच्या हिशेबी पदार्थ निर्मांस झालेला असतो. म्हणून आई-बाबांसाठी कोरड्या किंवा गार पदार्थांकडे वळा, रश्शाकडे नाही.

ल्यांगफी : गव्हाच्या भिजवलेल्या पिठातून किंवा तांदळाच्या पिठातून वाफवलेल्या रुंद, गार पट्ट्या. वरून व्हिनेगर, लसूण, लाल तिखटाचं तेल, काकडी, मोड. माजियांग म्हटलं की तिळाची चटणी घालतात, ती आईंना आवडेल. तिखट कमी सांगता येतं.

योउफो म्यान : हाताने ओढलेल्या पट्ट्यासारख्या नूडल्स उकडून वाडग्यात घेतात, वर लाल तिखट, पात, लसूण आणि त्यावर धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल ओततात. आपल्या फोडणीचंच तत्त्व, फक्त फोडणी वाडग्यात होते. मांस घातलेला प्रकारही असतो, म्हणून नाव नीट दाखवा. ब्यांगब्यांग नूडल्सच्या दुकानात हे हमखास मिळतं.

गोडात झंगगाव : चिकट तांदूळ, खजुरासारखी लाल बोरं आणि घेवड्याचे दाणे थरावर थर लावून तासन्‌तास वाफवलेले. सकाळी ताजं मिळतं. शिझ, म्हणजे पर्सिमन (जपानी फळ), याच्या गराची तळलेली पुरी, आत सुवासिक फुलांचं किंवा अक्रोडाचं सारण. ही नगारा मनोऱ्यामागच्या हुई मुस्लिम वस्तीत मिळते. त्या वस्तीचा शाकाहाऱ्यांना एक फायदा आहे : तिथे डुकराची चरबी कशातही नसते. बाहेरच्या दुकानांत तळणीला ती वापरलेली असू शकते.

मुख्य बेईयुआनमन रस्ता गर्दीचा आहे, गाड्या लावल्यासारखी एकाच मालाची दुकानं. त्यातून आत दाफियुआन किंवा शियांगशी गल्लीत वळा, नाहीतर १ क्रमांकाच्या मेट्रोने साजिनछ्याव स्थानकाला उतरा. स्थानिक लोक तिथे खातात. तुम्ही दोघं मांसाहारी असाल तर फावमो, म्हणजे मांसाच्या रश्शात चुरलेली रोटी, खाऊन बघा. दुकानात आधी रिकामा वाडगा आणि दोन जाड, अर्धवट भाजलेल्या रोट्या देतात. त्या हाताने सोयाबीनच्या दाण्याएवढ्या चुरायच्या. मोठे तुकडे ठेवले तर रोटी अर्धीकच्ची असल्यामुळे आतून पिठूळ लागते आणि रस्सा मुरत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात, घाई करू नका. मग वाडगा आत जातो, त्याला क्रमांकाचा बिल्ला असतो म्हणजे तुमचाच चुरा तुम्हाला परत मिळतो. रस्सा किती ते सांगता येतं : अगदी सुका, तळाशी घोटभर उरेल एवढा, किंवा ‘पाण्याने वेढलेलं शहर’, म्हणजे मधे ढीग आणि भोवती रस्सा. सोबत मुरवलेला गोड लसूण येतो, तो मधेमधे खायचा असतो.

बोलून सांगायच्या भानगडीत पडू नका, चिनीत स्वर चुकला की अर्थ बदलतो. फोनवर चिनीत लिहिलेलं एक चित्र ठेवा : मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा, प्राण्यांची चरबी यातलं काहीही खात नाही, कांदा-लसूण-दूध चालतं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ‘छुन सू’, म्हणजे शुद्ध शाकाहारी, एवढंच म्हटलंत तर बौद्ध पद्धतीचा अर्थ घेतात, आणि त्यात कांदा, लसूण, पातही वर्ज्य असते. मग निम्मे पदार्थ उगाच नाकारले जातात. जैन मंडळींना मात्र नेमका हाच शब्द उपयोगी पडेल.

---

लिपीवेडा :

मोठ्या हंस पॅगोड्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून थोडं. मराठी माणसाने तिथे उभं राहताना हे माहीत असावंच. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग तो हाच. ६४५ मध्ये तो भारतातून परतला तेव्हा त्याच्यासोबत ६५७ ग्रंथ होते, ५२० गठ्ठ्यांत बांधलेले. ते आगीपासून आणि ओलीपासून वाचवायला ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि महाराष्ट्रातले लोक यांच्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार केला तर हे लोक विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. ते लिहिणारा माणूस पुढे इथे बसून संस्कृत ग्रंथ चिनीत आणत होता.

पहिला मनोरा पाच मजली होता, आत मातीचा भराव असल्यामुळे टिकला नाही. ७०१ ते ७०४ मध्ये विटांनी नव्याने बांधला. आज सात मजले, ६४.५ मीटर. वर जायला २४८ पायऱ्या आणि वेगळं तिकीट. अरुंद जिना आहे, आईंना नेऊ नका आणि तुम्हीही नाही गेलात तरी चालेल, वरून आधुनिक शहरच दिसतं.

खरी वस्तू तळाशी आहे. दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ६५३ च्या दोन शिळा आहेत. युआन श्वांगच्या भाषांतरांसाठी थायझोंगने लिहिलेली प्रस्तावना एकीवर, आणि त्याचा मुलगा गावझोंग याने लिहिलेला लेख दुसरीवर. दोन्ही अक्षरं छू स्वेइल्यांगच्या हातची. एका शिळेचा मजकूर नेहमीप्रमाणे उजवीकडून डावीकडे जातो, दुसरीचा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजू एकमेकींना सामोऱ्या व्हाव्यात. चिनी लिहिण्यात असं क्वचितच करतात. सकाळी बेईलिन आणि नंतर पॅगोडा असा क्रम लागला तर बाबांच्या हे लगेच लक्षात येईल.

---

पाऊलवाट :

हे सगळं छापून बाबांना दिलंय. शेवटचा प्रश्न : मंगळवारी पाऊस लागला तर?

---

शीआन_वारी :

पावसात सायकली देत नाहीत आणि तटावरच्या ओल्या विटा घसरतात, आईंसाठी धोक्याचं. तसं झालं तर तट सोडा. संग्रहालय सकाळी ठरलेल्या वेळीच करा, ती वेळ बदलता येत नाही. बेईलिन दुपारी घ्या, दालनं बंदिस्त आहेत. तिथून दक्षिण वेस खालून, पुलापलीकडे खंदकाच्या काठावरून बघा. तटाची उंची तिथूनच जास्त नीट कळते. बुधवारी सकाळची गाडी अकराच्या नंतरची असेल आणि आकाश उघडलं असेल तर हॉटेल योंगनिंगमनजवळ घेतल्याचा फायदा होईल : आठच्या सुमाराला तासभर वर जाऊन येता येतं. त्या वेळी गर्दी नसते. शीआन उत्तर स्थानक २ क्रमांकाच्या मेट्रोवरच आहे, गाडी न बदलता जाता येतं. पण गाडीच्या वेळेच्या किमान सव्वा तास आधी हॉटेलातून निघा, कारण स्थानकात पासपोर्ट आणि सामानाची तपासणी असते आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद होतं.